संबंधितांकडे पाठवली आहे

"तुमच्यातला चहाडखोर कोण, तेवढं सांगा. मी बसायला आलेली नाही."

दारात एक बाई उभी होती. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, बूट मैदानाच्या मातीनं लाल झालेले. ऑफिसात आम्ही दोघंच होतो. आमचे साहेब, विद्याधर नेर्लेकर, काचेच्या केबिनमध्ये फोनवर हसत होते, आणि बाहेरच्या टेबलाशी मी, राजमती मगदूम. नोकरीला लागून मला जेमतेम महिना झाला होता, त्यामुळं चहाड्या करण्याइतपत ओळखीच झालेल्या नव्हत्या.

"कुणाची चहाडी, बाई?" मी विचारलं.

"माझी. मी उज्ज्वला हेरवाडे. कन्याशाळेत खो-खो शिकवते. तुमच्याकडं तक्रार करून करून बोटं झिजली माझी."

नाव ऐकलं आणि मी उठून त्यांना खुर्ची दिली. हेरवाडे मॅडमच्या तक्रारी मला पाठ झाल्या होत्या.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, तेव्हा आमच्या 'वेगवान नेटसेवे'चा धंदा काय होता ते आधी सांगते. इचलकरंजीतल्या सूतवाल्यांना, शाळांना, संस्थांना आम्ही इंटरनेटवरची नावं घेऊन द्यायचो. नाव आमच्याकडं नोंदलेलं असायचं, पण त्या नावाच्या मेलपेट्या असायच्या कुठल्यातरी परदेशी कंपनीकडं. म्हणजे दारावरची पाटी आमची आणि घर दुसऱ्याचं. मग त्या घरातून कुणी घाण फेकली, की लोक पाटी वाचून आमच्याकडं ओरडत यायचे. त्या ओरडणाऱ्यांसाठी मला ठेवलेलं होतं.

काम मोठं सोपं. साहेबांनी उत्तराचा एक साचा करून ठेवला होता. "सदर मेलपेटी आमच्याकडे नाही. आपली तक्रार योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवली आहे." कुणी शिव्यांबद्दल लिहो, कुणी धमक्यांबद्दल, जावयाला तोच वाढा आणि व्याह्याला तोच. तक्रार पुढं पाठवायचं काम यंत्र आपोआप करायचं. भिंतीवर व्यापारी मंडळानं दिलेलं प्रमाणपत्र टांगलेलं होतं, 'तक्रार आली त्याच दिवशी मिटली' म्हणून. मिटली म्हणजे तक्रार करणाऱ्याचं काय झालं, ते त्या चौकटीत मावलं नसावं.

हेरवाडे मॅडमची तक्रार अशी होती. शहरातल्या अजिंक्य क्रीडा संघाच्या नावावर कुणीतरी 'जागरूक पालक' अशी मेलपेटी उघडली होती, आणि तिथून त्यांच्या संघातल्या मुलींच्या आईबापांना मेल यायच्या. बाई मुलींना सरावाच्या नावाखाली उशिरापर्यंत थांबवून काय शिकवते, परगावी सामन्यांना नेते तेव्हा कुठं उतरवते, तिचं लग्न का मोडलं. सगळं अर्धवट सोडलेलं, म्हणजे उरलेलं वाचणाऱ्यानं आपल्या मनानं भरायचं. लोक ते हौसेनं भरत होते. निम्म्या मुली मैदानावर यायच्या बंद झाल्या होत्या. राज्य स्पर्धेला लातूरला जायचं तोंडावर आलं होतं, आणि शनिवारी शाळेनं पालकांची सभा ठेवली होती. हेरवाडे मॅडमना संघाबरोबर पाठवायचं का नाही, आणि मुळात शाळेत ठेवायचं का नाही, हे तिथं ठरणार होतं.

"हे वाचा," मॅडमनी मोबाइल माझ्यापुढं धरला. "कालची मेल."

मी वाचलं. 'जिची सख्खी आई लाजेनं जैन बस्तीत दर्शनाला जायची थांबली, तिच्या हाती आपल्या लेकी द्यायच्या का?'

"माझी आई खरंच जायची थांबलीय," मॅडम म्हणाल्या. आतापर्यंत चढलेला आवाज एकदम खाली आला. "पण हे कुणालाच माहीत नाही. आम्ही बाहेर सांगतो, तिचे गुडघे दुखतात. मी हे फक्त एका ठिकाणी लिहिलं. परवा, तुमच्याकडच्या तक्रारीत. वाटलं, निदान हे वाचून तरी कुणाला पाझर फुटेल. आता सांगा, चहाडखोर कोण?"

मी तक्रार उघडली आणि ती कुठं कुठं गेली ते बघायला लागले. 'संबंधित' म्हणजे ती परदेशी कंपनी, असं मी आपली धरून चालले होते. कुठली कंपनी नि कुठलं काय! साहेबांनी यंत्राला शिकवलेला संबंधित वेगळाच होता. ज्याच्या नावावर पाटी, तो संबंधित. अजिंक्य क्रीडा संघाच्या वतीनं पाटी घेतली होती संघाचे सेक्रेटरी भालचंद्र इंगवले यांनी. मॅडमची एकूण एक तक्रार, नाव, फोन नंबर, घरचं दुखणं, सगळं सगळं इंगवले सरांना पोचत होतं. आणि दर वेळी त्यांचं उत्तर येत होतं, 'चौकशी केली. तक्रारीत तथ्य नाही.' ते आलं की यंत्र तक्रार मिटवून टाकत होतं.

"इंगवले सरांचं आणि तुमचं काही वाकडं आहे का, मॅडम?"

"त्यांच्या भाचीला मी संघातनं वगळलं," मॅडम सावकाश म्हणाल्या. "सरावाला यायची नाही ती. पण ते तर मला म्हणाले, कुणीतरी आमचं नाव हॅक केलंय, आम्हीच बळी आहोत. माझ्या घरी येऊन चहा पिऊन गेले हो. आईला म्हणाले, काळजी करू नका, मी आहे."

"ते आहेत खरं," मी म्हणाले आणि तिरीमिरीत उठून केबिनमध्ये गेले.

साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना ते टेबलावरचा काचेचा गोळा फिरवत होते.

"राजमतीबाई, आपण पोस्टमन," ते म्हणाले. "पोस्टमननं पत्र फोडून वाचायचं नसतं."

"पण पोस्टमन चोरीची तक्रार चोराच्या घरात नेऊन टाकत नाही, साहेब."

"चोर? इंगवले सर? अहो, सज्जन माणूस आहे तो! दर वर्षी मला बक्षीस समारंभाला बोलावतो."

ते मला माहीत होतं. केबिनच्या कपाटात त्या समारंभांच्या शालींची चळत होती. साहेबांना शाल आणि श्रीफळ यांचं भारी वेड. एखाद्यानं नुसता हार दाखवला तरी यांची मान आपोआप पुढं व्हायची.

"निदान तक्रार त्यांना जाऊ नये, एवढं तरी करा. नाही तर संघाचं नाव चार दिवस गोठवा. नाव आपल्या हातात आहे."

"छे छे! मेलपेटी आपल्याकडं नाहीच मुळी. आपले हात बांधलेले आहेत." आणि बांधलेले हात त्यांनी मजेत डोक्यामागं घेतले. "त्यांना म्हणावं, परदेशी कंपनीला लिहा."

मॅडमनी त्या कंपनीलाही लिहिलं होतं. तिकडून उत्तर आलं होतं, कृपया या नावाच्या व्यवस्थापकाशी संपर्क साधावा. व्यवस्थापक कोण? इंगवले. पोलिसांतही अर्ज दिला होता, पण त्याचा निकाल काही शनिवारपर्यंत लागणार नव्हता. कुठूनही निघा, वाट इंगवल्यांच्याच अंगणात जायची.

मी मॅडमना घेऊन खालच्या टपरीवर गेले. चहा आला तसा निवत गेला. मला वाटलं आता या बाई रडणार. पण त्या रस्त्याकडं बघत बसल्या होत्या, आणि त्यांच्या कपाळाची आठी हळूहळू सुटत होती.

"तुमचं यंत्र माझी तक्रार त्यांना न चुकता देतं?"

"न चुकता. लिहिल्या लिहिल्या."

"आणि मी काय लिहिलं ते दुसऱ्या कुणाला कळत नाही?"

"मी वाचते. साहेब काही वाचत नाहीत. बाकी कुणी नाही."

"मग हूल देऊ," त्या म्हणाल्या.

"काय देऊ?"

"हूल. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागं वळता येत नाही. पळणारी अंगानं डावीकडं झुकते, तो तावातावानं तिकडं झेपावतो आणि ही उजवीकडनं निघून जाते. रागीट माणूस तर हमखास फसतो." त्यांनी मोबाइल काढला आणि तिथंच टपरीवर नवी तक्रार लिहिली. मला वाचून दाखवली. "'मेल कोण पाठवतं, ते नेर्लेकर साहेबांना समजलं आहे. साहेब आता जातीनं माझ्या पाठीशी उभे आहेत.'"

"हे धडधडीत खोटं आहे की!"

"आज खोटं आहे," मॅडम म्हणाल्या आणि पाठवून दिलं.

यंत्रानं आपलं काम चोख केलं. तक्रार इंगवल्यांकडं गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या ऑफिसचं दार असं काही उघडलं, की भिंतीवरचं प्रमाणपत्र वाकडं झालं. शैलजावहिनी आल्या होत्या, म्हणजे साहेबांच्या मिसेस. एरवी दिवाळीला फराळाचा डबा घेऊन येणाऱ्या शांत बाई. त्या दिवशी हातात फक्त मोबाइल होता.

"अहो! बाहेर या आधी!"

साहेब बाहेर आले. वहिनींनी खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "'पालकहो, या बाईची मजल कुठवर गेली पाहा. शहरातले एक प्रतिष्ठित गृहस्थ, वेगवान नेटसेवेचे नेर्लेकर, सध्या तिच्या पाठीशी जातीनं उभे असतात. पाठीशी किती आणि किती वेळ, हे त्यांच्या सौभाग्यवतींनी विचारावं.' विचारतेय मी. सांगा!"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, मी त्या बाईला ओळखतसुद्धा नाही!"

"पालकांकडनं फिरत फिरत माझ्या भिशीतल्या सगळ्यांना आलीय ही. तुमच्या मेव्हण्याला आलीय. मला फोन करून सांत्वन करायला लागलेत लोक!"

"हे कुणीतरी मुद्दाम... मला काय माहीत कोण? ती मेलपेटी आपल्याकडं नाहीच."

"म्हणजे मी काय करायचं?"

मला राहवलं नाही. "वहिनी, तुमची तक्रार नोंदवून घेऊ का? संबंधितांकडं पाठवते. आजच्या आज मिटते."

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की नोकरी गेलीच म्हणून समजा. पण वहिनींना विनोद कळत होता, आणि त्यामागचा राग तर त्याहून लवकर कळला. "काय आहे ते नीट सांगा, राजमती," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. बस्तीचं वाक्य, इंगवल्यांची भाची, साचा, यंत्र, सगळं. "आणि 'जातीनं पाठीशी उभे' हे शब्द हेरवाडे मॅडमनी काल फक्त आमच्या ऑफिसला लिहिलेत. आमच्याकडनं ते एकाच माणसाकडं गेले."

वहिनी नवऱ्याकडं वळल्या. "म्हणजे ती पोर आठवडेच्या आठवडे तुमच्या दारात येऊन रडत होती, आणि तुम्ही तिचं रडणं नेऊन त्या इंगवल्याला देत होता? त्याच्या शाली पांघरून?"

"पद्धत आहे ती... सगळीकडं असंच..."

"राजमतीबाई!" साहेब एकदम माझ्यावर ओरडले. "बघत काय बसलाय? गोठवा संघाचं नाव! आत्ताच्या आत्ता!"

"पण साहेब, मेलपेटी आपल्याकडं नाही ना?"

"नाव तर आपल्याकडं आहे!"

धन्य! महिनाभर बांधलेले हात असे भराभर सुटले, की कळफलकावर त्यांची बोटं दिसेनात. पासवर्ड त्यांच्याकडंच होता. चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात संघाचं नाव गोठलं. त्या नावानं निघालेली मेल आता जगात कुणी दारात उभी करणार नव्हतं. दुसऱ्याच्या लेकीची अब्रू जात होती तेव्हा हे बटण कुठं दडून बसलं होतं, असा विचार माझ्या मनात आला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलले नाही. वहिनी माझ्यापेक्षा चांगलं बोलत होत्या.

"शनिवारी शाळेत सभा आहे ना?" त्या म्हणाल्या. "तिथं येऊन सांगायचं हे सगळं. तुमच्या तोंडानं."

"अगं, पण कंपनीची अब्रू..."

"माझी गेलीय ती आधी आणून द्या."

शनिवारी कन्याशाळेचा हॉल भरला होता. यंत्रमागवाले, सूतगिरणीवाले, कपड्याचे दुकानदार, सगळे बाप पहिल्यांदाच एवढ्या संख्येनं शाळेत आले होते. मुलींच्या सामन्यांना यातले किती येत असत, ते मॅडमना विचारा. पुढच्या रांगेत पांढऱ्या सफारीत इंगवले सर बसले होते. मॅडम एका बाजूला उभ्या होत्या, गळ्यात शिट्टी तशीच. शेवटच्या बाकावर त्यांच्या आई बसल्या होत्या. पदर डोळ्यापर्यंत ओढलेला.

मुख्याध्यापकांनी आधी इंगवल्यांना विचारलं, की संघाच्या नावानं हे चाललंय, तुमच्याकडं कुणी तक्रार केली होती का?

इंगवले उठले. छातीवर हात ठेवून म्हणाले, "एकही तक्रार माझ्यापर्यंत आली नाही. आली असती तर मी गप्प बसलो असतो का? उज्ज्वला मला लेकीसारखी."

मग वहिनींनी कोपरानं ढकललं आणि आमचे साहेब उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना शालीशिवाय व्यासपीठावर जायचं होतं. घसा खाकरून खाकरून त्यांनी सांगितलं, की तक्रारी आल्या होत्या, आणि आमच्या पद्धतीप्रमाणे त्या सर्वच्या सर्व इंगवले सरांकडं जात होत्या.

मागनं एक मागवाला उठला. "म्हणजे साहेब, चोरी झाली की तुम्ही चोराला जाऊन विचारायचा, का रे बाबा, चोरी झाली का? आणि तो नाही म्हणाला की घरी येऊन जेवायचा?"

हॉलमध्ये हशा पिकला. साहेबांच्या कपाळावर घाम आला. इंगवले ताडकन उठले. शाल घेतलेल्या माणसानं असं उलटावं, हे त्यांना सोसलं नसावं.

"नेर्लेकर, तुम्ही माझ्यावर चिखल उडवताय? स्वतःचं बघा आधी! ही बाई स्वतःच्या हातानं लिहून देते, की तुम्ही जातीनं तिच्या पाठीशी उभे आहात म्हणून!"

"कुणाला लिहून दिलंय, सर?" मॅडमनी विचारलं.

इंगवल्यांचा हात सफारीच्या खिशाकडं गेला.

"मी ते फक्त तक्रारीत लिहिलं होतं," मॅडम म्हणाल्या. "आणि तुमच्यापर्यंत तर एकही तक्रार आलेली नाही."

रागीट माणूस तावातावानं डावीकडं झेपावला होता, आणि आता त्याला मागं वळता येत नव्हतं. त्यांनी रुमाल काढला, परत ठेवला, हॅक म्हणून काहीतरी पुटपुटले. तोवर मघाचा मागवाला आपल्या मुलीकडं वळून म्हणाला, "उद्यापासनं सरावाला जायचं. किती वाजता असतंय गं?" त्याला वेळ माहीत नव्हती. पण त्याच्यामागनं दुसरा म्हणाला, मग तिसरा. आपण सगळ्यांनी त्या मेल चवीनं वाचल्या होत्या, हे मात्र एकजणही म्हणाला नाही. मला त्याचा आजही राग येतो.

मॅडम सरळ मागच्या बाकाकडं गेल्या. आईच्या डोक्यावरचा पदर त्यांनी जरा मागं सारला आणि म्हणाल्या, "उद्या बस्तीत जायचंय. गुडघे बरे झालेत तुझे."

म्हातारी तिथं रडली. मीही रडले, लपवायचं काय त्यात.

संघ लातूरला गेला, मॅडमना घेऊनच. सेक्रेटरीपद सोडायला इंगवल्यांना तब्येतीचं कारण लागलं. साहेबांनी यंत्राचा नियम बदलायचं कबूल केलं, पण 'सवडीनं बघू' म्हणाले. त्यामुळं नियम तसाच राहिला. आणि बरंच झालं.

कारण मॅडम लातूरला असतानाच एका सकाळी आमच्याकडं नवी तक्रार आली. तक्रारदार, भालचंद्र इंगवले. 'आपण आमच्या संघाचे नाव गोठवल्याने माझी समाजात नाहक बदनामी होत आहे. अतोनात मनस्ताप होत आहे. घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही. तरी याला जबाबदार व्यक्तीची चौकशी व्हावी.'

साहेब केबिनच्या दारात आले. "काय करायचं हो आता याचं?"

"पद्धतीप्रमाणं करते, साहेब," मी म्हणाले.

साचा काढला आणि इंगवल्यांना कळवलं, की आपली तक्रार योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवली आहे. मग संबंधिताच्या रकान्यात माझ्या हातानं नाव भरून ती खरोखरच पाठवली. बदनामी आणि मनस्ताप या विषयाशी त्या गावात सगळ्यात जास्त संबंध असलेल्या व्यक्तीकडं, हेरवाडे मॅडमकडं.

दुपारी लातूरहून उत्तर आलं. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात लिहिलं असावं, कारण खाली 'जिंकलो' एवढंच जोडलं होतं. वरती लिहिलं होतं, 'चौकशी केली. तक्रारीत तथ्य नाही.'

यंत्रानं ते वाचलं आणि तक्रार आली त्याच दिवशी मिटवून टाकली.